धुऱ्यावरचं निळं जाकीट

मनकर्णाबाई फाटकातून आत आली ती डोक्यावरून पदर ओढूनच. चपला तिने बाहेर काढल्या, तुळशीपाशी मटकन बसली आणि तिने गळा काढला. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. त्या भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांत तोंड घालून बसल्या.

सावित्रीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप हातात तसंच राहिलं. दिवाळी होऊन चारच दिवस झाले होते, दारातल्या रांगोळीचा रंगही अजून उडाला नव्हता.

"कोन गेलं व, मावशी?"

"मलेच विचारते? माय व, तुह्याच पोरीसाठी आली ना मी. कधी झालं? कोनाले सांगतलं बी नाही तुमी!"

"कोनच्या पोरीसाठी?"

"किती पोरी आहेत तुले? रुचीसाठी."

"रुचीले काय झालं? नोकरीवर आहे ते."

"मंग तिचं जाकीट धुऱ्यावर कायले उभं केलं?"

सूप खाली आलं आणि पाखडलेले तांदूळ मातीत गेले. सावित्रीबाईचा चेहरा पाहून मनकर्णाबाईचं रडं आपोआप थांबलं. तिने पदराने डोळे टिपले आणि ओशाळून विचारलं, "म्हणजे, जिती आहे?"

"जिती आहे."

"मंग मी उगीचच रडली. बरं, आलोच आता तर चहा तरी टाक."

चहा झाला. तिघी उठल्या. फाटकाशी पोचल्यावर मनकर्णाबाई मागे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "जिती असन तर काढून घे ते, बाई. आजच्या आज."

तिचं म्हणणं कळायला त्या गावची एक रीत ठाऊक हवी. गाव गोंदियाकडच्या गोरेगावपासून दोन कोसांवर, जुन्या तलावाच्या खालच्या अंगाला. धान पिकायला लागलं की जंगलातून रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत बांधीच्या बांधी, खाचरंच्या खाचरं, लोळवून जातात. म्हणून धानाच्या कडेने जुन्या साड्या ताणून बांधतात. माणसाचा वास लागला की डुक्कर बिचकतं. साड्या कोणाच्याही चालतात. पण धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, जे बुजगावणं उभं करायचं, ज्याला डोकं आणि हात असतात, त्याच्या अंगावर मात्र मेलेल्या माणसाचाच कपडा घालायचा. तलावाच्या पाण्याची पाळी आली की घरातला एकजण पाटावर उभा राहतो आणि घरातलंच दुसरं कोणी येऊन पाळी घेईपर्यंत जागा सोडत नाही. धुऱ्यावरच्याचंही तसंच. उभा राहिला तो राखणीला लागला. मेलेल्याला वेळच वेळ असतो, जित्याला कुठे असतो? आणि एकदा उभं केलं की धान कापेपर्यंत ते मोडायचं नाही, उघडंही ठेवायचं नाही.

जागेश्वरला, सावित्रीबाईच्या नवऱ्याला, ही रीत ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? तो तलाव बांधणारं कोहळी घराणं त्याचंच. त्याने ते ठाऊक असूनच केलं होतं.

रुची त्यांची एकुलती. गोंदियाला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना कपडे चढवायचं काम तिला मिळालं होतं. पहिल्या पगारात तिने स्वतःसाठी डेनिमचं जाकीट घेतलं. फिकट निळं, कमरेपर्यंतचं, छातीवर दोन खिसे, तांब्याच्या रंगाची बटणं. घरी आली त्याच दिवशी तिने ते आईच्या लुगड्यावर चढवलं आणि तिला आरशासमोर उभी केली.

"बटणं नको लावू आई. हे घालाचं नसते, अंगावर राहू द्याचं असते."

"मी काय सिनेमातली बाई आहे व?"

"माहे पुतळे बी सिनेमातले नसतात. तरी कसे उभे राहतात!" आणि रुचीने तिच्या बाह्या दुमडल्या. दोन पूर्ण घड्या आणि तिसरी अर्धीच, म्हणजे आतला पांढरट रंग बोटभर दिसतो. कॉलर मागून उभी, पुढून पडलेली. मग तिने जाकीट काढून नुसतं आईच्या खांद्यांवर टाकलं. बाह्या रिकाम्या लोंबू दिल्या. "असं बी चालते. पन मंग हात बांधून उभं राहाचं. जाकीट पडन अशी भीती तोंडावर दिसली का सगळं गेलं." जाकीट एकच, पण रुचीने ते खांद्यावरून कमरेला बांधलं, कमरेवरून पुन्हा अंगावर चढवलं आणि आरशात दर वेळी वेगळी सावित्रीबाई दिसली. लग्न होऊन नागऱ्याहून ती या घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने रोवणी केली, कापणी केली, सासूचं दुखणं काढलं. आरशासमोर इतका वेळ ती कधी उभी राहिली नव्हती.

जेठात रुचीला पाहायला पाहुणे आले. ती साडी नेसून बाहेर आली, आणि साडीवर जाकीट. जागेश्वर सगळ्यांसमोर म्हणाला, "काढ ते."

रुचीने काढलं. नीट घडी घातली आणि बापाच्या हातात ठेवली. "घ्या बाबा. तुमाले पोरगी नाही, पुतळाच पायजे होता." ती तशीच निघाली आणि रस्त्यावर लागलेल्या एसटीत चढली.

"मेली ते आपल्यासाठी," जागेश्वर म्हणाला.

रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. सावित्रीबाईने ते मनावर घेतलं नव्हतं. दुकानातली नीतू, रुचीची मैत्रीण, तिला गुपचूप खुशाली कळवायची. रुचीने गोंदियाचं काम सोडलं, डोंगरगढला दुसऱ्या दुकानात लागली, खोली घेतली. दसऱ्यानंतर मात्र नीतूचा फोन आला, "काकू, तिचा फोन बंदच येऊन राहिला." तेव्हापासून बंदच होता. आणि दसऱ्यानंतरच, सावित्रीबाई गुडघ्याने घरी बसली असताना, जागेश्वरने लांबच्या बांधीत बुजगावणं उभं केलं होतं. तिला वाटलं होतं, दर वर्षीसारखं सासूचं लुगडंच नेसवलं असेल.

मनकर्णाबाई गेल्यावर ती काठी घेऊन निघाली. भर दुपार होती. धान पिवळं पडलं होतं, वारा नव्हता, आणि त्या एवढ्या पिवळ्यात एकच निळी गोष्ट उभी होती. लांबूनच सावित्रीबाईचे पाय थांबले. बुजगावणं कसं असतं हे तिला कोणी सांगायला नको होतं. आडव्या काठीवर कपडा लटकतो, खांदे पडतात, माणसाचं सोंग दहा पावलांवर उघडं पडतं. हे उभं होतं. एका पायावर भार टाकून माणूस उभं राहतं तसं. बटणं मोकळी, मधून वाळल्या गवताची छाती. डोक्याच्या मडक्याला ओढणी. बाह्यांना दोन पूर्ण घड्या आणि तिसरी अर्धी.

ती जवळ गेली. आजूबाजूच्या बांध्या डुकरांनी लोळवल्या होत्या. त्यांच्या धानातही खुरांचे ठसे आले होते, बुजगावण्यापासून पाच हातांवर येऊन थांबले होते, मग गोल वळून सगळे एकाच वाटेने परत गेले होते. धानाचं एक ताट मोडलं नव्हतं.

"तुमच्या पोरीचं जाकीट तुमी उभं केलं?" तिने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

"मेलेल्याचं घालतात. घातलं."

"ते जिती आहे."

"मंग फोन काऊन नाही करत?"

हाच प्रश्न तिलाही रात्रंदिवस खात होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. जाकीट नुसतं खांद्यांवर टाकलेलं होतं, बाह्या रिकाम्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घातलेलं, आणि कॉलर मागून उभी. पहाटे दव पडलं होतं, कॉलरची आतली बाजू मात्र कोरडी होती. सावित्रीबाईने हात लावायला बोटं पुढे केली आणि मागे घेतली. काहीतरी आणखी बदललं होतं. काय ते तिला घरी परतताना, अर्ध्या वाटेत कळलं. जागेश्वर बुजगावणं नेहमी जंगलाकडे तोंड करून उभं करायचा. हे आता रस्त्याकडे बघत होतं.

त्याच रस्त्यावर तिला गावातला यादोराव भेटला. गोरेगावच्या बाजारातून मोटरसायकलवर येत होता. त्याने गाडी थांबवली.

"काकू, रुची आली ना? चांगलं झालं."

"कोन म्हनते?"

"म्हनाचं काय त्यात! सकाळी जाताना धुऱ्यावर दिसली. मी हात दाखवला, तिनं बी दाखवला." त्याने किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "वाळली पन बिचारी. खाऊ-पिऊ घाला."

सावित्रीबाई तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसली. मेलेलं माणूसच असं येतं, असं एक मन म्हणत होतं. जितं असेल तर कसं येईल? दुसरं मन त्या मनाचं तोंड दाबत होतं. घरी येऊन तिने नीतूला फोन लावला. नीतू म्हणाली, "बंदच आहे काकू. मीच येत्या रविवारी जाऊन येतो." रविवारला अजून चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बांधीजवळच्या मोहाच्या झाडामागे जाऊन बसली. कोण येतं ते पाहायचंच, असं तिने ठरवलं होतं. ऊन चढलं. बारा वाजायच्या सुमारास धुऱ्यावरून जागेश्वर येताना दिसला.

तो बुजगावण्यासमोर थांबला. खांद्यावरचा दुपट्टा त्याने कमरेला बांधला. आणि मग सावित्रीबाईने जे पाहिलं ते तिने लग्नाआधी एकदाच, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकात, मंडपातल्या बायकांच्या गर्दीतून पाहिलं होतं. तेव्हा गावच्या नाटकांत बाप्येच बायकांची कामं करायचे, आणि पंचक्रोशीत जागेश्वरसारखा स्त्रीपार्टी नव्हता. पदर कसा घ्यायचा, मान कुठे वळवायची, उभं राहताना भार कोणत्या पायावर टाकायचा, हे त्याच्या अंगात होतं. त्याने रंग चढवला की गावच्या सुनाही त्याच्याकडून चालणं शिकायच्या. नाटकं सुटली, मिशा आल्या, त्या गेल्या, आणि तो माणूस सगळ्यांच्या आठवणीतून गेला. आता बासष्टाव्या वर्षी तो धानात उभा होता आणि काठ्यांच्या पोरीला उभं राहायला शिकवत होता. त्याने काठीचा खालचा भाग हलवला, भार एका बाजूला आणला. बाही हातात घेतली. एक घडी. दुसरी. तिसरी अर्धी.

सावित्रीबाई झाडामागून बाहेर आली.

तो दचकला नाही. फक्त हात थांबले.

"मेलेल्याच्या बाह्या दुमडतात का?" तिने विचारलं.

त्याने ती अर्धी घडी अंगठ्याने दाबून बसवली. मग म्हणाला, "गोंदियाले गेलो का त्या दुकानासमोर उभा राहत होतो मी. रस्त्याच्या पलीकडे. काचेतून दिसे ते. असंच करे. एका पुतळ्याले दहा वेळा मांगं सरून पाहे." त्याने बाही सोडली. "लय चांगलं करे."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? ज्या पोरीले सगळ्यांसमोर काढाले लावलं, तिले चोरून पाहतो म्हनून?"

सावित्रीबाईला हसू आलं असतं, रडूही आलं असतं. पण तिची नजर वर गेली होती.

"बाह्या तुमी केल्या. कॉलर कायले उभी केली?"

"कॉलरले मी हात नाही लावला. मले वाटलं तूच येतेस."

"मी फक्त पाहून जातो. अन् तोंड? तोंड रस्त्याकडे कोनं केलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वारा नव्हता. धानाचं एक पान हलत नव्हतं. बुजगावण्याच्या बाह्या मात्र कोपरापासून किंचित, अगदी बारीक, थरथरत होत्या. ओझं फार वेळ धरून ठेवल्यावर माणसाचे हात थरथरतात तसे.

सावित्रीबाईने काठी टाकली. पुढे होऊन तिने जाकीट एका झटक्यात काढून घेतलं. कापड गरम होतं. उन्हाने तापलेलं कापड वरून गरम असतं, हे आतून होतं. काखांमध्ये घामाने ओलं होतं. हातात धरवेना म्हणून तिने ते सरळ स्वतःच्या अंगात घातलं, लुगड्यावर, बटणं मोकळी, आणि दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं. आत कोणीतरी कुडकुडत होतं. ती स्वतःच असेल.

"उद्या सकाळच्या गाडीने मी डोंगरगढले जातो," ती म्हणाली. "पोरगी जिती असन तर पाहतो. नसन तरी पाहतो."

"मी बी येतो," जागेश्वर म्हणाला. "तू हो घराकडे. हे उघडं ठेवता येत नाही. मी येतोच."

ती वळून न पाहता निघाली. सासूचं लुगडं आणायला तो घरी येईल असं तिला वाटलं होतं. तो तासाभराने आला आणि पाठ टेकतो म्हणून आतल्या खोलीत गेला. लुगडं पेटीतच राहिलं. तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं.

सकाळी त्यांनी गोंदियाला गाडी पकडली. सावित्रीबाईच्या अंगावर जाकीट होतंच. समोरच्या बाकावरच्या दोन कॉलेजच्या पोरींनी एकमेकींना कोपर मारलं, मग त्यांतली एक म्हणाली, "आजी, मस्त दिसतंय हं." सावित्रीबाईने ऐकलं नाही. आमगाव गेलं. जागेश्वर खिडकीशी बसला होता, गळ्यापर्यंत घोंगडी लपेटून. एक हात त्याने खिडकीच्या गजावर ठेवला होता, दुसरा बाकाच्या पाठीवर पसरला होता. शेजारचा माणूस दोनदा म्हणाला, "हाथ हटाओ ना काका." त्याने तो मांडीवर घेतला. थोड्या वेळाने पाहावं तर हात पुन्हा पाठीवर. सालेकसा मागे पडलं, डोंगर जवळ आले. दरेकशाचा बोगदा आला, डबा काळोखात गेला. बाहेर आले तेव्हा त्याचे दोन्ही हात पसरलेले होते आणि तो त्यांच्याकडे, दुसऱ्या कोणाचे असावेत तसा, बघत होता.

नीतूने सांगितलेली खोली स्टेशनपासून लांब नव्हती. घरमालकीण दारातच बसली होती. जाकीट घातलेली म्हातारी पाहून ती जरा गोंधळली. रुचीचं नाव काढताच म्हणाली, "आ गए आप लोग? मैं तो खुद नंबर ढूँढ रही थी. महीना होने को आया, लड़की के हाथ नीचे नहीं आते थे. सुबह उठे तो ऐसे," आणि तिने आपले दोन्ही हात आडवे पसरून दाखवले. "मोबाइल पकड़ नहीं पाई, गिरकर टूट गया. काम छूट गया. डॉक्टर बोले कुछ नहीं है. कल दोपहर बारह-साढ़े बारह बजे अपने आप नीचे आ गए. तब से सोती रही, अभी उठी है."

सावित्रीबाई दारातून आत गेली. रुची भिंतीला टेकून बसलेली होती. अर्धी झाली होती. केस दवात भिजल्यासारखे कपाळाला चिकटले होते. जिती होती. सावित्रीबाईने तिला उचलून घेतल्यासारखं कुशीत ओढलं आणि दोघी बराच वेळ तशाच राहिल्या. जागेश्वर उंबऱ्यावर थांबला होता.

"बाबा, या ना आत," रुची म्हणाली. तिच्या आवाजात जेठातला राग शोधूनही सापडला नसता. मग आईकडे वळून म्हणाली, "रोज एकच सपन पडे. धानात उभी आहो. डुकरं येत, पाहत, जात. दुपारी बाबा येत अन् बाह्या नीट करत. तेवढा वेळ हात दुखत नव्हते."

"अन् पोरी, कॉलर?"

"पहाटे मानेले लय गार लागे. कशीबशी मीच वर केली."

घरमालकिणीने वरण-भाताची थाळी आणून ठेवली. रुचीची बोटं अजून वळत नव्हती, म्हणून सावित्रीबाई तिला घास भरवायला बसली. दोन घास झाल्यावर तिने नवऱ्याला हाक मारली, "तुमी बी घ्या ना." तो आत आला, आणि घोंगडी खांद्यावरून घसरली. ऐन कार्तिकाच्या थंडीत त्याच्या अंगात नुसती बंडी होती.

सावित्रीबाईचा हात थाळीवरच राहिला. "सदरा कुठं आहे तुमचा?"

जागेश्वर हसला. नाटकातून घरी आल्यावर, रंग पुसता पुसता हसायचा तसा.

"घरात मायचं लुगडं होतं ना!" तिचा आवाज चिरकला. "पेटीत होतं!"

"जित्याची पाळी जित्यानंच घ्या लागते, सावित्री. मेलेलं उभं केलं असतं तर त्यानं आपल्या पोरीले तिकडेच ठेवून घेतलं असतं." तो भिंतीपाशी बसला. बसता बसता त्याचे हात दोन्ही बाजूंना हळूहळू वर आले आणि तिथेच थांबले. "धान कापाले पंधरा दिवस आहेत. निघतील. उभं राहाची मले सवय आहे."

रुची रडायला लागली. सावित्रीबाई रडली नाही. तिने भात कालवला, एक घास रुचीच्या तोंडात दिला, आणि दुसरा त्याच्या तोंडापाशी नेऊन धरला.